मॉड अ‍ॅडम्स यांच्या जुन्या चरित्राचे पुनर्मुद्रण: मजकूर शाबूत, छायाचित्रांची माती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकी रंगभूमी गाजवणाऱ्या अभिनेत्री मॉड अ‍ॅडम्स यांचे एक छोटेखानी चरित्र १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले होते. लेखक त्या काळातला वृत्तपत्रीय नाट्यसमीक्षक होता. स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपल्यामुळे हे पुस्तक आता कोणीही छापू शकते आणि तसे ते छापलेही जाते; ऑनलाइन दुकानांवर त्याच्या निरनिराळ्या कागदी आवृत्त्या दिसतात. त्यांपैकी ऑर्डर आल्यावर एकेक प्रत छापून पाठवणाऱ्या एका प्रकाशकाची आवृत्ती मी मागवली. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण या धंद्यातल्या बहुतेक आवृत्त्या एकाच स्कॅनवरून काढलेल्या असतात आणि जे दोष पुढे सांगणार आहे ते त्या पद्धतीचे आहेत, एका छापखान्याचे नव्हेत. रंगभूमीच्या इतिहासात रस असलेल्या वाचकाने यावर आठ-नऊशे रुपये खर्च करावेत का, एवढाच येथे प्रश्न आहे, आणि माझे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे.

आधी वस्तूविषयी. मुखपृष्ठ गुळगुळीत आणि जाड आहे, पण त्यावर अ‍ॅडम्स यांचे चित्र नाही. कोणत्याही जुन्या पुस्तकाला चालेल अशी एक वेलबुट्टी आहे आणि तीच वेलबुट्टी या प्रकाशकाच्या इतर पुस्तकांवरही दिसते. आतला कागद पांढराशुभ्र, झेरॉक्सच्या दुकानातला वाटावा असा. पाने शिवलेली नाहीत, कण्याला डिंकाने चिकटवलेली आहेत. पुस्तक टेबलावर उघडे राहत नाही आणि मधल्या बाजूचा समास इतका अरुंद आहे की ओळींची शेवटची अक्षरे वाचण्यासाठी प्रत दोन्ही हातांनी फाकवून धरावी लागते. ज्या ग्रंथालयाच्या प्रतीवरून स्कॅन केले त्याचा शिक्का, कोणा जुन्या वाचकाने पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आणि एका पानावर कागदाला पडलेली घडी, हे सगळे जसेच्या तसे उतरले आहे. त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. स्कॅनच्या प्रतिमेवरून छापलेला मजकूर निदान मूळ मजकूर असतो. यंत्राकडून अक्षरे ओळखून नव्याने जुळवलेल्या आवृत्त्यांत नाटकांची नावे आणि पात्रांची नावे यांचा जो चुथडा होतो, तो येथे झालेला नाही.

खरी पडझड छायाचित्रांची झाली आहे. १९०१ सालच्या पुस्तकांत छायाचित्रे हाफटोन पद्धतीने छापत, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीत फोडून चकचकीत आर्ट पेपरवर घेत. ठिपके लहानमोठे असल्याने डोळ्याला करड्या रंगाच्या छटा दिसत. अशी पाने स्कॅन करताना फाइल लहान राहावी आणि अक्षरे ठसठशीत यावीत म्हणून जर केवळ काळा आणि पांढरा असे दोनच रंग ठेवले, तर मधल्या सगळ्या छटा नाहीशा होतात. या प्रतीत नेमके तेच झाले आहे. एका चित्रात डोक्यावरचा काळा गोळा आणि त्याखाली पांढरा पट्टा दिसतो. तो चेहरा आहे हे खालच्या ओळीवरून समजते. गणवेशातल्या एका छायाचित्रात पायांचे बूट आणि मागचा पडदा यांचा एकच काळा ठोकळा झाला आहे, डोळ्यांच्या जागी दोन डाग उरले आहेत. दुसऱ्या एका चित्रावर जाळीवर जाळी चढून लाटालाटांची नक्षी उमटली आहे. चित्राच्या पानामागचे कोरे पानही मूळ प्रतीत होते म्हणून इमानाने छापले आहे, म्हणजे ग्राहकाने कोऱ्या कागदाचेही पैसे मोजले.

एखाद्या राजकारण्याच्या चरित्रात चित्रे बिघडली तर फारसे अडत नाही. मॉड अ‍ॅडम्स यांच्या बाबतीत मात्र अडते, कारण त्यांनी चित्रपटात कधी भूमिका केली नाही. ज्या वर्षांत त्यांनी रंगभूमी गाजवली त्या वर्षांतले त्यांचे चालणे, वळणे, थांबणे पुन्हा पाहण्याची सोय नाही. उरली ती समकालीनांनी लिहिलेली वर्णने आणि स्टुडिओत काढलेली छायाचित्रे. त्या छायाचित्रांत काय ताकद होती याचा पुरावा नंतरच्या काळातही सापडतो. नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी येथील पायपर्स ऑपेरा हाउस या जुन्या नाट्यगृहात त्यांचे छायाचित्र पाहून रिचर्ड मॅथेसन हा कादंबरीकार इतका भारावला की चित्रातल्या नटीच्या ओढीने भूतकाळात जाणाऱ्या माणसाची कादंबरीच त्याने १९७५ साली लिहिली. आमच्या प्रतीतले डाग पाहून कोणी भूतकाळात जाईल असे वाटत नाही.

मजकुराकडे वळल्यावर मात्र या पुस्तकाची बाजू बरीच सावरते. अ‍ॅडम्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी युटातल्या सॉल्ट लेक सिटी येथे झाला. आई अ‍ॅनी अ‍ॅडम्स मॉर्मन घराण्यातली आणि तिथल्या नाटक कंपनीतली अभिनेत्री; वडील जेम्स किस्काडन त्या पंथाबाहेरचे. रंगमंचावरचा पहिला प्रवेश त्यांनी तान्ह्या वयात, तबकात बसून केला: ‘द लॉस्ट बेबी’ नावाच्या प्रहसनात ज्या बाळाला आणायचे त्याने आयत्या वेळी रडून गोंधळ घातला आणि अ‍ॅनी यांची मुलगी हाताशी होती म्हणून तिलाच पुढे केले. ही गोष्ट अ‍ॅडम्स यांच्याविषयीच्या बहुतेक प्रत्येक लेखात येते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत बालनटी म्हणून त्यांनी नाव मिळवले. बाल आणि तरुण यांच्या मधले वय मात्र कोणत्याही नाटक कंपनीला नको असते, त्यामुळे काही वर्षे शाळेत काढून त्या पुन्हा रंगभूमीवर आल्या आणि १८८८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत दिसू लागल्या. मूळ चरित्रलेखक त्याच शहरात समीक्षणे लिहीत होता, आणि पुस्तकाचे मोल येथे आहे: जी नाटके तो सांगतो ती त्याने प्रेक्षागृहात बसून पाहिलेली आहेत.

निर्माते चार्ल्स फ्रोमन यांच्या कंपनीत अ‍ॅडम्स दाखल झाल्या आणि १८९२ साली फ्रोमननी त्यांना जॉन ड्रू यांच्यासमोर नायिका म्हणून उभे केले. ड्रू हे पुढे नट म्हणून गाजलेल्या बॅरीमोर भावंडांचे मामा आणि त्या काळचे उच्चभ्रू विनोदी नाटकांचे आघाडीचे नट. ‘द मास्क्ड बॉल’ या फ्रेंचवरून घेतलेल्या नाटकात नवऱ्याला धडा शिकवण्यासाठी बायको दारू चढल्याचे सोंग आणते असा एक प्रवेश होता. १८९२ सालच्या प्रतिष्ठित प्रेक्षकांपुढे, ज्यांच्या घरातल्या स्त्रिया शेजारी बसलेल्या असत, तरुण नटीने झिंगून दाखवणे ही तारेवरची कसरत होती. थोडेसे जास्त झाले असते तर किळस आली असती आणि थोडेसे कमी झाले असते तर प्रवेश फुकट गेला असता. अ‍ॅडम्स यांनी तो इतक्या नाजूकपणे पेलला की नाटक ड्रूंच्या नावावर लागले होते तरी बोलबाला त्यांचा झाला. अशा जागी मूळ लेखकाची शैली कितीही फुलोऱ्याची असली तरी त्यामागचा जाणकार डोळा लपत नाही.

पाच वर्षे ड्रूंबरोबर काम केल्यावर अ‍ॅडम्स यांचे नशीब फिरले ते स्कॉटिश लेखक जेम्स बॅरी यांच्यामुळे. फ्रोमन यांना बॅरींच्या ‘द लिटल मिनिस्टर’ या कादंबरीचे नाटक हवे होते आणि बॅरी टाळाटाळ करत होते. १८९६ साली ते न्यूयॉर्कला आले असताना त्यांनी ‘रोजमेरी’ या नाटकात अ‍ॅडम्स यांना पाहिले आणि आपली लेडी बॅबी, म्हणजे कादंबरीची नायिका, सापडल्याची त्यांची खात्री पटली. कादंबरीचा नायक पाद्री असला तरी नाटक नायिकेभोवती बांधले गेले. सप्टेंबर १८९७मध्ये एम्पायर नाट्यगृहात ते लागले तेव्हा बाई अजून पंचविशीच्या आत होत्या. एकट्या न्यूयॉर्कमध्ये त्याचे ३०० प्रयोग झाले. लेखक, निर्माता आणि नटी या त्रिकुटाने पुढची जवळजवळ वीस वर्षे जे केले त्याची ही सुरुवात होती.

चरित्र म्हणून पुस्तकाची मर्यादाही याच भागात दिसू लागते. लेखक चाहता आहे आणि तो चाहतेपणा त्याने दडवलेला नाही. १८९९ साली अ‍ॅडम्स यांनी ज्युलिएट केली, तिच्यावर समीक्षकांचे एकमत झाले नाही. अनेकांना ही ज्युलिएट गोड वाटली, पण शोकांतिकेच्या उंचीची वाटली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नाटककार रोस्ताँच्या ‘लेग्लाँ’ या नाटकात नेपोलियनच्या दुर्दैवी मुलाची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. हे धाडस होते, कारण तीच भूमिका पॅरिसमध्ये सारा बर्नहार्ट करत होत्या आणि त्याच हंगामात ती घेऊन त्या न्यूयॉर्कलाही आल्या. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, जगातली सर्वांत नावाजलेली नटी आणि युटाची ही मुलगी एकाच भूमिकेत उभ्या होत्या. या प्रसंगावर आजच्या लेखकाने दोन प्रकरणे लिहिली असती. आपल्या हाती असलेल्या लेखकाला तेवढे अंतरच मिळालेले नाही. त्याचे पुस्तक प्रयोगांची धूळ खाली बसण्याआधी छापून तयार होते.

ग्राहकाने सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की पुस्तक १९०१ साली थांबते आणि तेव्हा चरित्रनायिका अठ्ठावीस वर्षांची आहे. मलपृष्ठावरच्या जाहिरातीत याचा चकार शब्द नाही. तिथे हे ‘एका महान अभिनेत्रीचे जीवन’ आहे. ज्या भूमिकेमुळे मॉड अ‍ॅडम्स हे नाव अमेरिकेतल्या घराघरांत गेले ती भूमिकाच या जीवनात नाही. ६ नोव्हेंबर १९०५ रोजी एम्पायर नाट्यगृहात बॅरींचे ‘पीटर पॅन’ लागले आणि तेहेतिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अ‍ॅडम्स कधीही मोठा न होणारा मुलगा म्हणून तारांवरून उडाल्या. लंडनमध्ये हे नाटक आदल्या वर्षीच्या डिसेंबरात निना बुसिको यांनी केले होते. पण टिंकर बेलला वाचवण्यासाठी परीवर विश्वास असल्यास टाळ्या वाजवा, असे पीटर सांगतो तेव्हा अमेरिकेतल्या मुलांच्या एका पिढीने टाळ्या वाजवल्या त्या अ‍ॅडम्सबाईंसाठी. पुढे अनेक वर्षे त्या हे नाटक पुन्हा पुन्हा गावोगावी घेऊन गेल्या. चित्रकार जॉन व्हाइट अलेक्झांडर यांच्या मदतीने त्यांनी या भूमिकेचा जो पोशाख ठरवला, त्याच्या गळ्याशी चपटी, गोल टोकांची कॉलर होती. आपल्याकडच्या शिंप्यांनीही मुलींच्या फ्रॉकांना आणि शाळेच्या गणवेशांना वर्षानुवर्षे पीटर पॅन कॉलर लावली; तिचे नाव या पोशाखावरून पडले हे शिवणाऱ्यांपैकी आणि घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

नंतरच्या वर्षांत त्यांनी जे निवडले त्यावरून त्या केवळ लाडक्या नायिका नव्हत्या हे कळते. जून १९०९मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या उघड्या क्रीडागारात त्यांनी जर्मन नाटककार शिलरच्या नाटकातली जोन ऑफ आर्क केली: रात्रीची वेळ, हजाराहून अधिक माणसे रंगमंचावर, घोडे, आणि सगळा खटाटोप एका प्रयोगासाठी. जानेवारी १९११मध्ये त्या रोस्ताँच्याच ‘शाँतेक्लेर’मध्ये चक्क कोंबडा झाल्या, पिसांचा अंगरखा, तुरा आणि शेपूट यांसह. बाईने कोंबडा व्हावे हे कित्येक समीक्षकांना रुचले नाही. आपल्या आरवण्यानेच सूर्य उगवतो असे मानणाऱ्या आणि तो भ्रम फिटल्यावरही आरवत राहणाऱ्या या प्राण्याची भूमिका करायला अंगात रग लागते, आणि ज्यांना त्यांच्यात फक्त गोडवा दिसत होता त्यांना ती दिसली नसावी, असे माझे मत आहे.

त्यांच्या खासगी आयुष्याविषयी १९०१च्या लेखकाकडून अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल, कारण ते कोणालाच कळू नये अशी व्यवस्था होती. फ्रोमन यांचा सिद्धान्त असा होता की जी नटी रस्त्यात, मेजवानीत आणि वर्तमानपत्रात दिसते तिला पाहायला प्रेक्षक तिकीट काढत नाही. अ‍ॅडम्स यांचा स्वभाव मुळात एकांतप्रिय, त्यामुळे हा नियम त्यांना जाचला नाही. त्यांनी लग्न केले नाही, मुलाखतींपासून त्या दूर राहिल्या, आणि अमेरिकेतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या रंगकर्मींत गणना होत असतानाही मठांच्या सान्निध्यात राहणे पसंत केले. लुईझ बॉइंटन या त्यांच्या चिटणीस आणि सोबतीण अनेक दशके त्यांच्याबरोबर होत्या. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवले, त्यात फ्रोमन गेले. त्यानंतर अ‍ॅडम्स यांनी बॅरींचे आणखी एक नाटक केले आणि १९१८ साली फ्लूच्या दुखण्यानंतर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रंगभूमी सोडली.

यापुढचा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. प्रयोगाच्या प्रकाशयोजनेत त्या पहिल्यापासून जातीने लक्ष घालत. निवृत्तीनंतर त्यांनी तेच काम हाती घेतले आणि १९२०च्या दशकात स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगीत चित्रीकरणाला पुरतील अशा प्रखर दिव्यांवर तंत्रज्ञांबरोबर काम केले. दिव्याच्या रचनेचे पेटंटही त्यांच्या नावावर आहे. या खटाटोपामागे मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंग यांच्या ‘किम’वर रंगीत चित्रपट काढण्याचे स्वप्न होते. तो बेत तडीस गेला नाही. १९३१ साली त्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधली पोर्शिया होऊन ओटिस स्किनर यांच्याबरोबर पुन्हा दौऱ्यावर निघाल्या, आणि १९३७पासून मिझुरीतल्या कोलंबिया गावच्या स्टीफन्स कॉलेजात मुलींना नाट्यकला शिकवू लागल्या. १७ जुलै १९५३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या टॅनर्सव्हिल येथे, ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या एम्पायर नाट्यगृहात बॅबी आणि पीटर उभे राहिले तेही त्याच वर्षी पाडले गेले.

हे सगळे ज्याला हवे आहे त्याने हे पुनर्मुद्रण घेऊ नये. ज्याला फक्त १९०१पर्यंतचा मजकूर, समकालीन माणसाच्या नजरेतून, हवा आहे त्याला तो मिळतो, पण तोच मजकूर स्वामित्वहक्कमुक्त असल्यामुळे स्कॅन रूपात मोफत उपलब्ध आहे आणि रंगीत स्कॅन निवडल्यास त्यातली छायाचित्रे या छापील प्रतीपेक्षा कितीतरी चांगली दिसतात. पडद्यावर वाचून डोळे शिणतात म्हणून कागदच हवा असेल, तर ती फाइल जवळच्या छापखान्यात देऊन, चित्रांची पाने तेवढी आर्ट पेपरवर काढून स्पायरल बांधणी करून घेणे हा व्यवहार परवडतो. निदान पुस्तक टेबलावर उघडे तरी राहते. चित्रांसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात त्यांची छायाचित्रे आहेत, आणि हार्वर्डच्या त्या एका प्रयोगासाठी अल्फॉन्स मुखा या चित्रकाराने रंगवलेले जोनच्या वेषातले त्यांचे भव्य चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. शोधताना जन्मसाल जोडून शोधावे, नाहीतर उदयपुरात चित्रित झालेल्या बाँडपटातली जवळजवळ त्याच नावाची स्वीडिश नटी समोर येते.

विकत घ्यायचेच ठरवले तर ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याने आतल्या पानांचे नमुने दाखवले आहेत का, विशेषतः एखादे छायाचित्राचे पान, ते पाहावे. नमुना नसेल तर परत करण्याची मुदत वाचून घ्यावी. मागणीनुसार छापलेली पुस्तके परत घेण्याबाबत विक्रेत्यांचे नियम वेगवेगळे असतात, आणि छायाचित्रे अस्पष्ट असणे हा दोष धरला जात नाही: ‘मूळ प्रतीतील त्रुटी तशाच राहिल्या असण्याची शक्यता आहे’ अशा अर्थाची ओळ पहिल्याच पानावर बारीक टाइपात छापून प्रकाशकाने हात झटकलेले असतात. माझ्या प्रतीत ही ओळ मात्र अगदी सुस्पष्ट छापली आहे. पाचपैकी दोन तारे, दोन्ही १९०१च्या त्या समीक्षकाला.